खान नदीच्या अठ्ठेचाळीस साखळ्या

पप्पा, तुमची नदी मोजून झाली. राऊ गावाच्या पुढच्या त्या शेतापासून थेट क्षिप्रेपर्यंत, साखळी टाकून. वहीत आता फक्त एक आकडा दुरुस्त करायचा राहिलाय. तो लिहिलाय तुम्ही, पण सांगितला होता मी, आणि तो खोटा होता. त्याला दहा वर्षं झाली, तुम्हाला जाऊन नऊ. आज वही समोर उघडी आहे, पेन आहे, पट्टी पण आहे, आणि मी सकाळपासून तीनदा चहा करून प्यालोय.

मी आसामात आहे सध्या. ब्रह्मपुत्रेवर पूल होतोय, त्या साइटवर. आज बिहूची सुट्टी आहे, इकडची पोरं घरी गेलीत, कंटेनरच्या खोलीत मी एकटाच. तुम्ही म्हणायचे ना, याच्या पायाला भिंगरी लागलीय, हा कुठेच टिकायचा नाही. बरोबर होतं. पीथमपूर झालं, सूरत झालं, मग मुंद्र्याला बंदरावर, मग दोन वर्षं कुठे कुठे, आता इथे. पण गंमत ऐका. इथे हजेरीच्या कागदावर माझ्या नावापुढे काय लिहितात माहीत आहे? चेनमन, साखळी ओढणारा, तुमच्यासारखा. साखळी तर नाहीच इथे. तीन पायांवर मशीन उभी असते, मी लांब जाऊन काच लावलेली काठी धरून उभा राहतो, साहेब डोळा लावतो, बटण दाबतो, झालं माप. तरी माणसाचं नाव चेनमनच राहिलंय. ज्या कामातून पळालो, फिरून फिरून त्याच कामाला लागलो. पहिल्या दिवशी मला इतकं हसू आलं की साहेब म्हणाला, "क्या हुआ भाई, धूप लग गई?"

परवा इथला क्रेनवाला विचारत होता, तुमच्याकडे नदी आहे का. म्हटलं आहे. किती रुंद? मी आमच्या कंटेनरपासून समोरच्या मेसपर्यंत हात दाखवला. तो हसत सुटला, "अरे, वो तो नाला है!" पप्पा, मला राग यायला नको होता, कारण लहानपणी मीही हेच म्हणायचो, सगळं इंदूर म्हणतं. पण असा राग आला की विचारू नका. म्हटलं, भिया, तेरी नदी कितनी लंबी है, बता? तो म्हणाला, कुणाला माहीत, तिबेटातून येते. म्हटलं, मला माझी माहीत आहे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. साखळीत विचार, नाहीतर पावलांत विचार. तो क्रेनकडे वळला. आणि मग मला वहीतला तो खोटा आकडा आठवला.

तुम्ही रिटायर झालात ते वर्ष. मी दहावीला दुसऱ्यांदा गचकलो होतो आणि दिवसभर छावणीच्या चौकात उभा असायचो. तुम्ही ऑफिसच्या भंगारातून निघालेली तीस मीटरची साखळी घरी घेऊन आलात, नवी नवरी आणावी तशी जपून, पिशवीत गुंडाळून. आई दारातच म्हणाली, "हे काय, आता मला बांधून ठेवणार का?" तुम्ही म्हणालात, "नदी मोजायची आहे." आईने कुकरची शिट्टी होऊ दिली, मग म्हणाली, "कोणती, ती खान? त्या नाल्याला परकर शिवायचा आहे का कुणाला?" तुम्ही हसलात, पण कारण सांगितलं नाही. मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, साखळीच्या कड्या खोबरेल तेलाने पुसताना. ऑफिसात दोन साहेबांची बहस झाली होती, खान नदी किती लांब. एक एक आकडा सांगत होता, दुसरा दुसरा. तिसरा म्हणाला, सोडा हो, नालाच आहे तो. आणि तुम्ही तिथेच, पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभे. तीस वर्षं तुम्ही साखळी ओढली. कालवे, तलाव, लोकांच्या शेतांचे बांध. साखळीच्या टोकाला उभं राहून आकडा ओरडायचा तुम्ही, आणि लिहायचा दुसराच. एकाही मापाखाली तुमची सही नाही. "एक माप माझं पाहिजे रे," तुम्ही म्हणालात, "एकच. छोटंसं चालेल. म्हणून ही."

साखळीला दोन माणसं लागतात. एकट्याचं ते कामच नाही. पुढचा माणूस दहा सळया घेऊन साखळी ओढत जातो, ताणतो, टोकाशी एक सळई जमिनीत खोचतो. मागचा तिथे पोचला की ती उपटून स्वतःकडे ठेवतो. मागच्याकडे दहा जमल्या की दहा साखळ्या झाल्या. मग सळया बदलायच्या आणि पुढे. तुम्ही पुढे, मी मागे. म्हणजे मोजणी माझ्याकडे. हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की तुम्ही ओढायचं काम स्वतःकडे घेतलं आणि मोजायचं मला दिलं. आणि ती लांबट, वरच्या बाजूने उघडणारी वही. तिचे कायदे तुम्ही मला शाळेतल्या मास्तरासारखे शिकवले. वहीत रबर चालत नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर खरा आकडा लिहायचा आणि बाजूला सही. "चूक लपवली तर पुढचं सगळं गेलं," तुम्ही म्हणायचे. मी मान हलवायचो आणि मनात, किती वाजले.

होळीनंतरच्या रविवारी आपण उगमाला गेलो. तुम्ही आधी सांगितलं होतं की पणजोबा महूच्या छावणीत होते तेव्हा रजेच्या दिवशी या बाजूला पायी यायचे, आणि त्यांनीच तुमच्या वडलांना ही जागा दाखवली. मला वाटलं होतं काहीतरी कुंड असेल, गोमुख असेल. पाहतो तर एका शेताच्या खोलगट कोपऱ्यात ओली माती, थोडं गवत, आणि एक म्हैस. म्हशीमागे एक म्हातारी. तुम्ही हात जोडून विचारलं, नदी इथूनच निघते ना? ती म्हणाली, "यां कोई नदी नी है, म्हारो खेत है." तुम्ही म्हणालात, माँजी, नदी तुमच्या शेतातूनच निघते, पुढे इंदूरला जाते. ती म्हैस सरकवत म्हणाली, "तो जावा दो नी, रोक कुण रियो है?" अडवतंय कोण म्हणे! आपण दोघंही हसलो. तुम्ही पहिली सळई मला खोचायला लावली. आता ती जागा मला जशीच्या तशी दिसते. तुम्ही ओल्या मातीत उकिडवे बसलाय, पँटचे पाय दुमडलेले, आणि मला म्हणताय, "आता नदी जाते तिकडे तोंड कर. डावा-उजवा काठ असा ठरतो. तिच्याकडे पाठ करून नाही ठरत." मी तोंड फिरवतो. समोर काहीच नाही, गवतात ओलीचा एक पट्टा. तुम्ही मात्र पुलावर उभे असल्यासारखे बघताय.

इंदूर शहरातून साखळी नेताना जी मजा आली ती मी इथल्या पोरांना किती वेळा सांगितली असेल. साखळी दिसली की लोक गोळा व्हायचे. "क्या भिया, मेट्रो निकल री क्या इधर से?" "रोड चौडा हो रिया क्या?" एका पुलाखालच्या वस्तीत एक बाई घरातून धावत आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, वीजबिल, रेशनकार्ड, सगळं. तिला वाटलं आपण घरं पाडायचं माप घेतोय. तुम्ही साखळी खाली ठेवली, तिच्या ओट्यावर बसलात, चष्मा लावून एकेक कागद वाचलात, घडी घालून परत दिलेत. म्हणालात, "बहनजी, सिर्फ नदी नाप रहे हैं. आपका घर नहीं." ती म्हणाली, नदी मोजून कुणाचं भलं झालंय? तुम्ही खरंच विचार केलात त्यावर, आणि म्हणालात, "मेरा होगा." मग तिने चहा दिला. नदीच्या पाण्याला वास इतका की मी चहा नाक दाबून प्यालो, तुम्ही दोन कप घेतले. लालबागच्या मागून येणारी दुसरी धार कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या राजांच्या दगडी समाध्यांजवळ, मिळते तिथे तुम्ही पाच मिनिटं नुसते उभे राहिलात. मी म्हटलं, पप्पा, चला ना. तुम्ही म्हणालात, "थांब, पाहुणे आलेत तिच्याकडे."

पावसाळ्यात थांबलो, दसऱ्यानंतर पुन्हा सुरू. आणि मग दिवाळीचा पाडवा. आपण कबीटखेडीच्या पुढे आलो होतो. तुमचा गुडघा सुजलेला, आई ओरडलेली, तरी तुम्ही आलात. थोडं चाललात आणि एका टपरीवर बसलात. मी मित्राला सोबत आणलं होतं. तुम्ही पहिल्यांदा साखळी माझ्या हाती दिली. म्हणालात, "सांवेर रोडच्या पुलापर्यंत तुम्ही दोघं करा. तू पुढे हो. मी बसने घरी जातो." तुमची बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि मित्र म्हणाला, आज गौतमपुऱ्याला हिंगोट आहे, गाडीत पेट्रोल आहे, चल. पप्पा, आम्ही एकही साखळी टाकली नाही. टपरीवाल्याच्या बाकड्याखाली साखळी सरकवली आणि निघालो, रात्री येताना उचलली. हिंगोटमध्ये दोन बाजूंची माणसं बारूद भरलेली फळं पेटवून एकमेकांवर फेकतात, तुम्हाला माहीतच आहे. मी जाळीला चिकटून ओरडत होतो, बाहीला ठिणगी लागून भोक पडलं, आणि मला वाटत होतं, हे आहे जगणं, नाहीतर ते, नाल्याकाठी एक, दोन, तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर वही घेऊन बसलेले. "सळया किती वेळा बदलल्या?" मी ब्रशवर पेस्ट घेत होतो. म्हटलं, चार वेळा. वर आठ. कुठून आला तो आकडा मला माहीत नाही. तुम्ही हळूहळू, शाईच्या पेनाने लिहिलंत. अठ्ठेचाळीस. आकड्याची शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. आणि म्हणालात, "तीस वर्षं मी ओरडलो नी दुसऱ्याने लिहिलं. आज तू ओरडला नी मी लिहिलं. बघ, साहेब झालो मी." मग आत गेलात आणि ती खाकी कॅनव्हासची पिशवी घेऊन आलात, पणजोबांच्या फौजेतल्या झोळीची शिवलेली, ज्यात तुम्ही सळया ठेवायचे. ती माझ्या गळ्यात घातलीत. म्हणालात, आता ही तुझी. माझ्या तोंडात पेस्टचा फेस होता. थुंकावं लागलं असतं बोलायला. मी घासत राहिलो.

सांवेर गावापर्यंत आपण संक्रांतीच्या सुमारास पोचलो आणि होळीच्या आधी मी पळालो. खरं सांगू, ती पिशवी जड व्हायला लागली होती. तुम्ही फोन करायचे, कधीच रागावून नाही. "सांवेरच्या पुढचं राहिलंय रे. चार-पाच रविवारांचं काम आहे." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. एकदा सूरतहून मी शहाणपणा केला. मोबाईलवर नकाशा काढला, बोटाने नदी गिरवली, आणि तुम्हाला फोनवर आकडा सांगितला. हे घ्या, झालं तुमचं, पाच मिनिटांत.  तुम्ही म्हणालात, "मोबाईल चालला का रे काठाने?" एवढंच. तुमचं आयुष्यातलं सगळ्यात कडक बोलणं तेच असेल. त्याच वर्षी पावसाळ्यात, दुपारी जेवून उठताना, तुम्ही गेलात. मी पोचलो तेव्हा तुम्हाला नेऊन ओटा धुऊन झाला होता.

या डिसेंबरात मी प्रवास सोडून दहा दिवसांची रजा घेऊन घरी गेलो. आईने पलंगाखालून साखळी काढली. मला वाटलं गंजून एक गोळा झाली असेल. पप्पा, ती चकाकत होती. दर दिवाळीला ती खोबरेल लावते. म्हणे, "गंज चढला तर तुझा बाप वरून शिव्या देईल." मग कमरेवर हात ठेवून, "सांवेरच्या पुढचं करायचं का नाही? का मी पण गेल्यावर?" म्हटलं, दुसरा माणूस कोण? मित्र दुबईला आहे. ती म्हणाली, "मी काय मेलेय?"

तुम्ही पाहायला पाहिजे होतं. जांभळी साडी, खाली माझे स्पोर्ट शूज, गळ्यात ती खाकी पिशवी. मी पुढे, आई मागे. गव्हाच्या कोंबांतून, लसणाच्या वाफ्यांच्या कडेने, बाजूला काळं पाणी आणि त्याच्यावर साबणासारखा फेस. पहिल्या दिवशी ती सळई उपटायला वाकली की मागून ओरडायची, "थांब! बसून घेते जरा." दुसऱ्या दिवसापासून उलटं. "अरे ओढ ना, झोपला का? तुझा बाप गुडघा घेऊन तुझ्यापेक्षा बरा ओढत असेल!" शेतातला एक माणूस म्हणाला, माताजी, सर्वे किसका है? आई म्हणाली, "हमारे इनका है." आणि पदर खोचून पुढे. संध्याकाळी बसमध्ये तिचे पाय माझ्या मांडीवर, आणि तोंडाने चालूच: यांनी मला एकदा तरी सोबत नेलं असतं, तर काय बिघडलं असतं? मी काय नाही म्हटलं असतं? मग थोड्या वेळाने, "म्हटलंच असतं म्हणा."

सातव्या दिवशी आम्ही संगमाला पोचलो. तुम्ही म्हणायचे तिथे आपण क्षिप्रेत पाय घालून शेव खायची. पण नदीच्या तोंडाशी मातीचा बांध घातलेला, शहराचं पाणी क्षिप्रेत जाऊ नये म्हणून. अलीकडे आपली काळी, थांबलेली. पलीकडे क्षिप्रा, त्यात लोक आंघोळ करतायत. आई बघत राहिली. "इतक्या लांबून पोरगी सासरी आली," ती म्हणाली, "आणि दारातच अडवली." एक पंडितजी जवळ आले, पितरांचं काही करायचं का? आई म्हणाली, "आम्ही बुद्धाचे लोक, महाराज. आम्ही फक्त मोजायला आलोय." शेवटची सळई मी बांधाच्या पायथ्याशी खोचली. आईने उपटली, पिशवीत टाकली, आणि म्हणाली, "हं. आता कर बेरीज."

मी वही उघडली आणि मला जमेना. तिथेच बांधावर बसून सगळं सांगितलं. टपरी, बाकडं, गौतमपुरा. मला वाटलं ती थोबाडीत देईल. ती शेवेची पुडी सोडत होती, ती सोडत राहिली. म्हणाली, "शर्टाला भोक पडलं होतं. बारूदाचा वास. मी काय आंधळी होते? मीच धुतला ना तो." मी विचारलं, पप्पांना सांगितलंस? "नाही. इतके खुश होते ते. दिवसभर गुणगुणत होते. तुला पिशवी दिली तर शेजारच्या तिन्ही घरी सांगून आले." मग पुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "तुझी रजा किती राहिली? तीन दिवस ना? मग तोंड काय पाडतो. उद्या तो तुकडाही मोजू."

दुसऱ्या दिवशी मोजला. कबीटखेडीच्या पुढून सांवेर रोडच्या पुलापर्यंत. त्या टपरीच्या जागी आता टायरचं दुकान आहे. काठाला फॅक्टऱ्यांच्या भिंती, मधे मधे चिखल, दोनदा साखळी झुडपात अडकली, आई एकदा घसरून बसली आणि बसल्या बसल्या तुम्हाला आणि मला एकाच वाक्यात शिव्या दिल्या. पण एकही कडी ढिली ठेवली नाही. पुलाखाली आई ओरडली, "पाच वेळा बदलल्या, वर तीन!" त्रेपन्न. पप्पा, तुमची नदी तुम्हाला वाटली त्यापेक्षा पाच साखळ्यांनी लांब आहे. एवढं अंतर दहा वर्षं माझ्यामुळे कुणाच्याच मोजणीत नव्हतं. आईने विचारलं, लिहितोस ना? म्हटलं, तिकडे जाऊन शांतपणे लिहितो. तिने वही माझ्या बॅगेत घातली, कपड्यांच्या मधे, बरणी ठेवतात तशी.

तर आज ते काम केलं. हे सगळं तुम्हाला लिहून झाल्यावर चौथा चहा न करता केलं. वर त्रेपन्न लिहिलं. बाजूला सही केली, माझी, आणि तिच्या खाली आईची जागा सोडली, ती पुढच्या रजेत करेल. बेरीज करून शेवटच्या पानावर तुमचं नाव घातलं, जिथे मोजणाऱ्याचं लिहितात तिथे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते घरी सळयांच्या पिशवीत राहील. फक्त एक राहिलं. कायद्याप्रमाणे अठ्ठेचाळीसवर आडवी रेघ पाहिजे. मी पट्टी लावली, पेन टेकवला, रेघ मारली, आणि ती तुमच्या हातच्या आकड्याच्या अंगावरून न जाता खालून गेली. पेन घसरला असं लिहिणार होतो. घसरला नाही.